आप्पांच्या पाटावर

"पाटवर हिलाल बठी," गजराबाई म्हणाल्या आणि पुढच्या सांजोरीत सारण भरायला लागल्या.

धाकटी सून मोहिनी कढईतला झारा तसाच धरून उभी राहिली. आखाजीला अक्कलकुव्याहून माहेरी आलेली चेतना आंबे पिळता पिळता थांबली. चहाचा कप घेऊन दारात उभा असलेला थोरला भाग्येश तेवढा थांबला नाही. तो नंदुरबारला बांधकाम खात्यात इंजिनियर, दिवसभर ठेकेदारांना नाही म्हणायची सवय. तो शब्द त्याच्या जिभेवर तयारच असायचा.

"नही," तो म्हणाला. "कोनीबी बठो, पन हिलालकाका नही."

"मी तुले ईचारी नही ऱ्हायनी. सांगी ऱ्हायनी."

गजराबाईंचे यजमान लोटनआप्पा गेल्यानंतरची ही पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. दिवाळी सरता सरता एका पहाटे आप्पा झोपेतच गेले. ज्या वर्षी घरातलं माणूस जातं, त्या वर्षी आखाजीला त्याच्या नावाची नवी घागर भरायची आणि एकाला पित्तर म्हणून पाटावर बसवून जेवू घालायचं. हे सगळीकडेच होतं. पण कळसाडीच्या या पाटलांच्या घराण्यात त्याला एक शेपूट आहे. पाटावर बसलेला माणूस उठेपर्यंत गेलेलाच माणूस असतो. त्याला त्याच नावाने हाक मारायची, त्याच नात्याने त्याच्याशी बोलायचं, आणि जेवण संपत आलं की घरातल्या मोठ्या बाईने विचारायचं, "काय ऱ्हायनं?" मग पाटावरच्याने काहीतरी मागायचं किंवा सांगायचं. ते ऐकल्याशिवाय त्याला उठू द्यायचं नाही.

एरवी यात हसणंच जास्त व्हायचं. आप्पांच्या वडिलांच्या पाटावर बसलेल्या म्हाताऱ्याने बिडी मागितली होती, आणि ती मिळाल्यावर माचीसही खिशात घातली होती. आप्पांच्या आईच्या पाटावर गल्लीतली नानीबाई बसली तेव्हा तिने गजराबाईंकडे बघून "वरनमा मीठ कमी टाकत जाय" असं ठणकावलं. सगळं घर पोट धरून हसलं, कारण म्हातारी जिवंतपणी रोज हेच म्हणायची.

"मी रूपचंदभाईले सांगेल शे," भाग्येश म्हणाला. "त्या निंघी गयात व्हतीन गावथून. आप्पासना जलमना दोस्त शेत. त्या बठतीन."

"रूपचंदभाई येवोत, जेवोत. पाटवर भाऊच बठी."

"भाऊ? ज्यानी चौकमा आप्पासले भंगारवाला म्हनं, तो भाऊ?"

तेवढ्यात धाकटा भूपेश परसातून आत आला. शेती तो बघायचा आणि काकांच्या बांधाला त्याचा बांध लागून होता, म्हणून त्याला भांडण परवडणारं नव्हतं. "दादा, तू सकाय नंदुरबार निंघी जाशी," तो म्हणाला. "मले आठेच ऱ्हाणं शे. बठू दे ना त्यासले."

"तुला काय, तुला काकांच्या शेतातून पाण्याची चारी मिळाली पाहिजे," भाग्येश एकदम शाळेतल्या मराठीत बोलला. तो चिडला की असं व्हायचं.

चेतनाने आंब्याचा हात वर करून सांगितलं, "मी दादानी बाजूनी शे." मोहिनीने सासूच्या पुढ्यात लाटलेल्या पुऱ्यांचं ताट सरकवलं. म्हणजे मतं दोनाला दोन झाली, आणि गजराबाईंचं एक वरचढ.

ते भंगारवाल्याचं प्रकरण सगळ्या गावाला पाठ होतं. आप्पा आणि हिलालकाकांच्या वडिलांचं एक जुनं ऑइल इंजिन होतं. काकांनी बोअरवर नवी मोटार बसवली आणि ते इंजिन कुणाला न विचारता शहाद्याला भंगारात घातलं. आप्पांना कळलं तसे ते तडक गेले, ते इंजिन पिकअपमध्ये घालून परत आणलं आणि पंधरवडाभर त्याच्याशी मांडी ठोकून बसले. सायकलच्या ट्यूबचे वायसर, कुणाच्या तरी ट्रॅक्टरचा जुना बोल्ट, मोहिनीच्या फाटक्या गाळणीची जाळी, असं काय काय त्याच्या पोटात गेलं आणि इंजिन सुरू झालं. त्या उन्हाळ्यात लाइट गेली ती येईचना. काकांची नवी मोटार गप्प आणि पपई माना टाकून उभी. आप्पांनी कुणाला न सांगता पाईप काकांच्या शेतात फिरवला आणि पपई वाचवली.

दुसऱ्या दिवशी चौकात कुणीतरी काकांची चेष्टा केली, की भावाच्या भंगारानेच तुला तारलं. काका भडकले. "मन्हा भाऊ भंगारवालाच शे," ते म्हणाले. "आनि मी सांगं व्हतं का त्याले पानी दे म्हनीसन?" आप्पा तिथेच दुकानात तंबाखू घेत उभे होते. ते घरी आले, पाईप परत फिरवला आणि ओट्यावर बसून संध्याकाळपर्यंत वाकडे खिळे सरळ करत राहिले. नवा खिळा त्यांनी जन्मात विकत घेतला नाही, त्यामुळे सरळ करायला खिळे कायम असायचेच. पण त्या दिवशी ते एक शब्द बोलले नाहीत, आणि तेव्हा सुटीवर आलेला भाग्येश त्यांच्या शेजारी बसून होता. दोन्ही भावांचं बोलणं तेव्हापासून बंद. काका अंत्ययात्रेला आले, खांदा दिला आणि न बोलता घरी गेले.

"चेतना," गजराबाई म्हणाल्या, "हात धोय. कुकू आन अक्षता ले आनि काकाले सांगी ये."

"माय, मी दादानी बाजूनी शे म्हनं ना आते."

"तेनं काय? कोन्या बाजूनी शे ते मनमा ठेव. अक्षता हातमा ले."

*

दोन घरांच्या मध्ये छातीएवढी भिंत होती, तरी चेतना रस्त्याने फिरून पुढच्या दाराने गेली. आमंत्रण रीतसर द्यायचं आणि नकार रीतसर घेऊन यायचा, असं तिने ठरवलं होतं.

हिलालकाका कूलरसमोर बनियनवर बसले होते. दारात पुतणी बघून त्यांनी घाईने सदरा अंगात अडकवला. मीनाकाकूंनी तिला जवळ घेतलं, पाणी दिलं, कुंकू लावलं. चेतनाने अक्षता काकांच्या हातावर ठेवल्या.

"मायनी बलायेल शे. आप्पासना पाटवर."

काका अक्षतांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मन्हा गुडघा दुखस. खाले बठता येत नही."

"काल दिनभर चौकमा मांडी घालीसन पत्ता खेयात," मीनाकाकू म्हणाल्या, "तवय कोना गुडघा व्हता?"

चेतनाला हसू आलं, ते लपवायला तिने कूलरकडे तोंड फिरवलं, आणि तिला ती गाठ दिसली. कूलरच्या वायरला जिथे जोड दिला होता तिथे सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळलेली, आणि शेवटाला आतून घेतलेली ती एक गाठ. तशी गाठ दुनियेत एकच माणूस मारायचा. तिच्या सासरच्या कूलरलाही तशीच होती. लग्नानंतर आप्पा पहिल्यांदा व्याह्यांकडे गेले तेव्हा पिशवीतून आधी पाना निघाला आणि मग लाडू. कूलर चालू झाल्याशिवाय ते पानावर बसले नव्हते. सासऱ्यांना आधी फार लाज वाटली, नंतर त्यांनी माळ्यावरचे दोन पंखेही खाली काढले.

"काकू, हाई गाठ आप्पासनी शे."

मीनाकाकूंनी नवऱ्याकडे चोरून बघितलं आणि पदर तोंडाला लावला. मग सगळंच बाहेर आलं. मिक्सर, इस्त्री, फवारणीचा पंप, कूलर, काहीही बिघडलं की त्या मागच्या भिंतीवरून थोरल्या जावेच्या, गजराबाईंच्या हातात द्यायच्या. दोन दिवसांत वस्तू त्याच भिंतीवरून परत यायची. "यासले सांगं नही," त्या म्हणाल्या. "रागे भरतीन म्हनीसन. मिक्सर दुकानमा देल व्हता, असं सांगू."

"मी काय आंधया शे?" काका म्हणाले. "मिक्सरना बटनले लाल बांगडीना तुकडा लायेल शे. असा मिक्सर कोन्या दुकानमा भेटस?"

"म्हनजे तुमले माहीत व्हतं?"

काकांनी अक्षता एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या. "कूलरनी वायर मीच उपसू," ते म्हणाले.

मीनाकाकू उठून उभ्या राहिल्या. "काय?"

"दर उन्हायामा. एखादी डाव."

"मी दोन दोन दिन घामना पान्यामा झोपनू, आनि वायर तुमी उपसी व्हती?"

"मी बी तठेच झोपेल व्हतू ना."

"तुमी तुमना करनीमुये झोपनात. मन्हा काय गुन्हा व्हता?"

चेतना आता उघड हसत होती. पण काका हसत नव्हते. "काबरं असं करेत काका?" तिने विचारलं.

काकांनी मागच्या भिंतीकडे हनुवटी केली. "तो पल्याड काम कराले बठे ना, ते बडबड करे. ‘कोनी बिघाडं हाई, कोन गधडा शे, सोन्यासारखा कूलरनं वाट्टोयं करं.’ स्क्रू निंघावना नही तधलोंग बोलत ऱ्हाये. मी आठे खाट टाकीसन आयकू. तितलंच बोलनं ऱ्हायेल व्हतं आमनं."

चेतनाचं नाक चुरचुरलं. आप्पांची ती बडबड ती लहानपणापासून ऐकत आली होती. बिघडलेल्या वस्तूंना ते शिव्या द्यायचे आणि माणसांना कधीच नाही, असं त्यांच्याबद्दल सगळे म्हणायचे. एक माणूस तरी त्या शिव्या आपल्याच आहेत म्हणून मन लावून ऐकत होता, हे तिला आज कळलं.

"मंग चला ना काका."

"कसा येऊ पोर? वहिनी ईचारी, काय ऱ्हायनं. मले त्याना तोंडनं बोलनं पडी. तो काय बोलता, मले काय माहीत? मनमा राग लीसन गया का नही गया, तेबी माहीत नही. मी उगाच काही सांगू आनि ते खोटं ऱ्हायनं ते?" ते थांबले. "आनि तुन्हा दादा मले उंबरा चढू देवाव नही."

"दादानं मी देखस," चेतना म्हणाली, आणि परत जाताना मात्र ती रस्त्याने गेली नाही. मीनाकाकूंनी स्टूल धरलं आणि ती भिंतीवरून माहेरच्या परसात उतरली.

*

रूपचंदभाई आले होते. तापीकाठच्या त्यांच्या गावाहून येताना केळीचा एक घड घेऊन आले होते, आणि तो ठेवायच्या आधीच त्यांची गोष्ट सुरू झाली होती. निंबाखाली खाट टाकलेली, फांदीला गल्लीतल्या पोरींचा झोका, आणि भाग्येश पाहुण्याला पंख्याने वारा घालतो आहे.

"नंदुरबार स्टेशनवर आमी गाडीनी वाट देखी ऱ्हायनूत," रूपचंदभाई सांगत होते. "लोटन म्हने, चहा लेऊत. एक चहा आनि दोन कप. त्या चहावालाना स्टो भकभक करे. लोटनले ऱ्हावायनं नही. स्टो बंद कया, पिन काढी, नोजल साफ कयी. आमनी गाडी उनी नि निंघी गयी. चहावाला खूश. म्हने, शेठ, दोन्हीसले पुरा पुरा चहा, पैसा नही लागाव. ते लोटन काय म्हने माहीत शे?"

"काय?"

"म्हने, एक कप चहा पोटमा जायेल शे, दुसरा फुकट जाई. रूपचंद, आपीन तो संध्याकायले येताना पीसूत. आनि खरंच संध्याकायले जाईसन प्यायनूत."

भाग्येश खळखळून हसला. दिवाळीनंतर तो इतका पहिल्यांदाच हसत होता. आप्पांच्या काटकसरीची त्याला कॉलेजात असताना फार लाज वाटायची. साबणाच्या उरलेल्या चकत्या एकमेकींना चिकटवून केलेला सातरंगी साबण ते हॉस्टेलवर पाठवायचे, आणि तो कपाटात लपवून ठेवायचा. आता नंदुरबारच्या घरी बायकोने चकत्या फेकल्या की त्याला चुटपुट लागायची, पण चिकटवायला जमत नव्हतं.

चेतना परसातून आली ती थेट खाटेशी. "दादा, मी आते तुन्हा बाजूनी नही शे," ती म्हणाली, आणि कूलरची सगळी हकिकत तिने उभ्या उभ्या सांगितली. रूपचंदभाईंनी दोनदा मांडीवर थाप मारली. भाग्येशने पंखा खाली ठेवला.

"चांगलं शे," तो म्हणाला. "कूलर बिघाडाले हात पुढे व्हयेत. दोन शब्द बोलाले नही. आप्पासना त्या दिनना चेहरा मी देखेल शे, चेतना. तू नही देखेल."

"तू एकच दिन देखं."

हे गजराबाई म्हणाल्या होत्या. ओसरीत त्या नव्या घागरीला कुंकवाची बोटं लावत बसल्या होत्या. मुलगा वळला तरी त्यांनी हात थांबवला नाही.

"त्यासले भंगारवाला म्हनं, तेनं काही नही लागनं. त्या घर ईसन हासनात. म्हनेत, खरंच सांगं त्यानी. त्यासले लागनं ते दुसरं. ‘मी सांगं व्हतं का.’ म्हनेत, मन्हा सख्खा भाऊ, त्याले पानी देवाले बी मी अर्जनी वाट देखाले पायजे व्हती का? मंग असं म्हनतस ते असंच. आते त्यानी सांगाबिगर मी काही करनार नही."

"बराबरच व्हतं त्यासनं," भाग्येश म्हणाला.

"काय बराबर व्हतं? कूलर उना का त्यासले वायर देखीसनच समजे. ‘हिलालनी परत उपसी,’ म्हनेत, नि हासेत, नि मुद्दाम मोठा आवाजमा बडबड करेत. मी म्हनू, जा ना मंग, भिताडना पल्याड जा, दोन शब्द बोला. ते म्हनेत, नही, त्यानी आधी सांगाले पायजे." गजराबाईंनी घागर सरळ ठेवली. "साऱ्या गावना नळ दुरुस्त कयात त्या मानूसनी, पन हाई एक काम त्यासले जमनं नही. हट्टी व्हतात. तुन्हा सारखा."

आप्पा हट्टी होते, असं भाग्येशच्या घरात आजवर कुणी म्हटलं नव्हतं. दिवाळीपासून तर ते दिवसेंदिवस देवच होत चालले होते. ऐकून त्याला राग यायला हवा होता, पण त्याला बरं वाटलं, आणि तेही त्याला आवडलं नाही. तो रूपचंदभाईंकडे वळला. "तुमी बठा ना, रूपचंदभाई. तुमले त्यासनासारखं बोलता येस. साऱ्या गोष्टी पाठ शेत."

रूपचंदभाईंनी केळीच्या घडातलं एक केळं तोडलं, सोललं आणि अर्धं त्याच्या हातात दिलं. "गोष्टी मन्हा जोडे शेत, भाऊ," ते म्हणाले. "त्यानं अर्धं ऱ्हायेल काम मन्हा जोडे नही. मी बठनू ते जेवन चांगलं व्हई, हासनं चांगलं व्हई. पन वहिनी ईचारी काय ऱ्हायनं, ते मी काय सांगसू? मन्हाशी त्यानं काहीच ऱ्हायेल नही."

पित्तराला हाताला धरून आणायचं काम थोरल्या मुलाचं. दिवस डोक्यावर यायला लागला होता. आत मोहिनी पाट पुसत होती, आणि भूपेश उगाचच घरातून दारात आणि दारातून घरात करत होता. भाग्येशने अर्धं केळं खाल्लं, हात झटकले आणि पुढच्या दाराने निघाला.

हिलालकाका ओसरीतच उभे होते. धुतलेला सदरा घातला होता, म्हणजे मीनाकाकूंनी घालायला लावला होता. भाग्येशने हात पुढे केला. "चला," तो म्हणाला. काका की आप्पा, ते त्याने म्हटलंच नाही.

*

नवी टोपी हिलालकाकांना मोठी झाली आणि भुवयांवर आली. खांद्यावर टॉवेल, कपाळाला गंध, पुढ्यात सांजोऱ्या, पुरणपोळी, कुरडई, भजी आणि वाटीभर आमरस. घागरीवर खरबूज ठेवलेलं. गजराबाई समोर बसल्या, काकांच्या मागोमाग आलेल्या मीनाकाकू दाराशी. पाटावरचा माणूस एकच घास चिवडत बसलेला त्यांना दिसत होता, आणि आपण हे ओढूनताणून केलं का, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं. आज याच्या तोंडून भलतंच निघालं तर भाग्येश पुन्हा या घराकडे बघणार नाही. काहीच निघालं नाही, तर भिंत आहे तशी राहील, आणि ती पाडायला आता पलीकडचा एकच भाऊ उरलेला.

सुरुवात भूपेशने केली. "आप्पा, रस ल्या ना आनखी."

"इतला बस शे," काका पुटपुटले.

"आप्पा, तुमनी चप्पलले एक पट्टा बाकी शे. पिवया लाऊ का हिरवा?"

मागे उभी असलेली मोहिनी फिसकन हसली. आप्पांच्या चपलेला तीन रंगांचे पट्टे होते. काकांनी सांजोरीचा तुकडा मोडला. "जो फुकट भेटी तो लाव," ते म्हणाले, आणि आता रूपचंदभाईही हसले.

"आप्पा," चेतना म्हणाली, "मन्हा सासरना कूलर बंद पडना. येशात ना?"

"बंद नही पडेल व्हई. पानी नही टाकं व्हई तुमी."

सगळी ओसरी हसली, कारण आप्पा शब्दाला शब्द हेच म्हणाले असते. हसला नाही तो भाग्येश. तो खांबाला टेकून उभा होता, हाताची घडी घालून. काकांनी एकदा त्याच्याकडे बघितलं आणि नजर ताटात वळवली. पोळी संपली, भजी संपली. आता थांबण्यात अर्थ नव्हता. गजराबाईंनी पदर सावरला.

"काय ऱ्हायनं?" त्यांनी विचारलं.

बाहेर झोक्याची फांदी करकरली आणि पोरींचं गाणं ऐकू आलं. मग काका म्हणाले, "वहिनी—"

"आठे वहिनी कोन शे?"

टोपी मागे सारली. आणि आप्पा बायकोशी बोलताना पहिल्यापासून जसं बोलत, तसं त्यांनी सुरू केलं. "आयकस का व."

गजराबाईंचा हात पदरातच राहिला.

"तो हिलाल शे ना, त्याले अक्कल नही. लहानपनपाईन नही. चौकमा तो जे बोलना ते त्यानं त्यालेच घर येवाना आधी वाईट वाटनं व्हतं. पन घर उना ते देखं, पाईप फिरी जायेल शे. मंग तोबी बठी ऱ्हायना." ते ताटाकडे बघत सावकाश बोलत होते. "मी बी मोठा भाऊ व्हतू. मी भिताडना आल्याड त्यानी वाट देखी, त्यानी पल्याड मन्ही वाट देखी. दोन्हीसले आयकू येये, नि कोनीच उठना नही. त्याले सांगजो, मन्हा मनमा राग व्हता का नही ते आते ईचारत बसू नको. बडबड करू ना मी? ती त्यानाच करता करू."

काकांनी मान वर केली आणि खांबाकडे बघितलं.

"भाग्येश. तुन्हा काकाले काही लागनं, ते त्यानी सांगानी वाट देखू नको. तो सांगाव नही. मांगाबिगर देवानं. रागे भरना तरी पाईप फिरावानं नही."

भाग्येशच्या हाताची घडी कधी सुटली ते त्याला कळलं नसावं. "हा आप्पा," तो म्हणाला.

गजराबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. हा हिलाल आहे, हे त्यांना कळत होतं. हा शब्द न शब्द त्याचा आहे, हेही कळत होतं. तरी दिवाळीपासून छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं होतं, आणि इतकं हलकं वाटत होतं की आपलंही एक बोलून घ्यावं, असं त्यांना वाटलं.

"मले बी एक सांगनं शे," त्या म्हणाल्या. "तुमी जावानी टाइमले मले उठाडं नही."

पाटावरचा माणूस त्यांच्याकडे बघत राहिला. "तू दमेल व्हती," तो म्हणाला.

मीनाकाकू दारातून बाहेर गेल्या. चेतनाने भूपेशच्या खांद्यावर डोकं टेकलं. मोहिनी भानावर येऊन हात धुवायला तांब्या घेऊन पुढे झाली, कारण विचारून झालं होतं, सांगून झालं होतं, आता पित्तराने उठायचं आणि मग घरातल्यांनी जेवायचं.

काकांनी हात पुढे केला नाही.

"पानी, आप्पा," मोहिनी म्हणाली.

"थांब ना माय जरासं," ते म्हणाले. आवाज आता आप्पांचा नव्हता आणि पुरता काकांचाही नव्हता. "मी उठनू का परत हिलाल व्हई जासू. मंग तो कोठे ऱ्हाई?"

रीत सगळ्यांनाच माहीत होती, आणि भाग्येशसकट सगळे गजराबाईंकडे बघायला लागले. त्यांनी मोहिनीच्या हातातला तांब्या घेतला आणि बाजूला ठेवला. पातेलं ओढलं आणि पाटापुढच्या वाटीत पुन्हा रस वाढला.

"बठा तुमी," त्या म्हणाल्या. "कोनी नही उठाडत तुमले."

मग त्यांनी मोहिनीला सांगितलं, बाकीच्यांची ताटंही इथेच मांड, त्यांच्या भोवती. आणि मीनाला बोलाव.